एल्डरबेरी नोंद: 'नायग्रा'च्या पाटीखाली कॅनाडेन्सिस

एल्डरबेरी (सॅम्बुकस) या झुडपाच्या दोन प्रकारांतला, युरोपातली नायग्रा आणि अमेरिकेतली कॅनाडेन्सिस यांच्यातला, घोळ निम्मा सुटला, पण प्रकार ओळखायचा तक्ता मोडावा लागला. हिवाळ्यात जमिनीलगत छाटलेल्या, 'नायग्रा' पाटीच्या चारही झुडपांना जूनमध्ये नव्या फोकांवरच फुलोरा आला. नायग्रा गेल्या वर्षीच्या लाकडावर फुलते. अशी छाटली तर ते वर्ष जवळजवळ वाया जातं. शिवाय जमिनीखालून धुमारे लांबवर पसरलेत. ही कॅनाडेन्सिसच.

मग पाटी चुकली का? इथेच खरी गोम आहे. लिनियसने १७५३ मध्ये नायग्रा आणि कॅनाडेन्सिस या वेगळ्या जाती मांडल्या. १९९४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बोली यांनी कॅनाडेन्सिस आणि निळसर फळांची सेरुलिया दोन्ही नायग्राच्या उपजाती केल्या. रोपवाटिका पाटीवर उपजातीचा शब्द गाळतात, आणि 'नायग्रा' एवढंच उरतं. शास्त्राने ते खोटं ठरत नाही, पण छाटणी करणाऱ्याला ते निरुपयोगी आहे. उपजात न लिहिणाऱ्याकडून लावणीच्या काड्या घेऊच नयेत.

पर्णिकांची (एका पानातल्या छोट्या पानांची) संख्या तक्त्यात पहिली होती, ती आता खाली. नायग्रात बहुधा ५, कॅनाडेन्सिसमध्ये बहुधा ७, पण दोन्हींत ५ आणि ७ सापडतात. एका पानावरून निकाल नको, फुलणाऱ्या फांद्यांची निदान दहा पानं मोजा.

रॅसिमोसा ही दुसरी जात मात्र झटक्यात कळली: शंकूसारखा फुलोरा आणि तपकिरी भेंड (फांदीतला मऊ गाभा). नायग्रा-कॅनाडेन्सिसचा भेंड पांढरा. सूक्ष्मदर्शकाचे काप काढताना नमुना धरायला वापरतात तोच. भेंड पाहायला गेल्या वर्षीची फांदी ब्लेडने उभी चिरा, कात्रीने भेंड चेंगरतो. इब्युलस ही आणखी एक जात तर दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते, तिचे परागकोश जांभळे.

सेरुलियाचा फोटो हात लावण्याआधी काढा. फळावरची निळसर पांढरी भुकटी बोटाने पुसली की खाली काळं फळ उरतं आणि ओळख गेली. 'सेरुलिया' आणि 'सीरुलिया' हे एकाच नावाचे लेखनभेद, दोन झाडं नव्हेत.

पुढच्या हिवाळ्यात उरलेली सगळी संशयित झुडपं छाटायची ठरलं होतं. हे लिहिताना जाणवलं, निम्मेच दांडे छाटावेत: नायग्रा निघालीच तर जुन्या दांड्यांवर पीक मिळेल, आणि दोन्ही तऱ्हा एकाच झुडपावर दिसतील. पाटीवर आता दोन ओळी: वरच्या ओळीत रोप ज्या नावाने आलं ते नाव, खालच्या ओळीत 'नव्या फोकावर फुललं / नाही' आणि वर्ष. कुलाच्या रकान्यात कॅप्रिफोलिएसी हे जुनं कुल खोडून आताचं व्हायबर्नेसी.