मृगाचं मॉडेल: तालुका प्रदर्शनाआधीची नोंद

चोपड्यातल्या आमच्या आठवीच्या दोघींचा मृग नक्षत्राचा प्रकल्प शाळेतून तालुक्याला निवडला गेलाय. मागच्या नोंदीपर्यंत नुसता काळ्या कार्डशीटवरचा तक्ता होता. आता मॉडेल उभं आहे. कुणाला करून बघायचं असेल तर मापं घ्या.

प्रमाण सोपं ठेवलं: एक मिलिमीटर म्हणजे एक प्रकाशवर्ष. वर्गातली दोन बाकं लांबीत जोडली की दोन मीटर मिळतात. एका टोकाला प्लायवूडच्या फळीत डोळा लावायला भोक, दुसऱ्या टोकाला तक्ता. आकाशात काक्षी (बीटलज्यूज) ते राजन्य (रायजेल) हे मृगातले दोन ठळक तारे साधारण साडेअठरा अंश दूर, म्हणजे तक्त्यावर ६५ सेंटिमीटर. पोटातल्या बाणाचे तीन तारे साडेनऊ सेंटिमीटरांत बसतात. भोकाच्या काठापासून तक्त्यावरच्या प्रत्येक ताऱ्यापर्यंत तंगूस ताणायचा आणि मणी ज्याच्या त्याच्या अंतरावर फेविक्विकने पक्का करायचा. शिवणाचा दोरा घेऊ नका, सैल पडतो.

बेलाट्रिक्स २५ सेंटिमीटरवर, राजन्य ८६ वर, बाणाचे कडेचे दोन १२० च्या आसपास आणि मधला थेट तक्त्याला टेकलेला. मधल्याचं अंतर पुस्तकागणिक बदलतं, आम्ही २,००० प्रकाशवर्षं धरलं. काक्षीचे आकडेही ५०० ते ७०० च्या दरम्यान फिरतात, म्हणून तिचा तांबडा मणी मुद्दाम मोकळा ठेवलाय. बोटाने पुढेमागे सरकवला तरी भोकातून बघणाऱ्याला मृग तसाच दिसतो. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातली ही सर्वांत चांगली युक्ती आहे, आणि ती मुलींची आहे. बाणाखालच्या तेजोमेघासाठी, म्हणजे मेसिए ४२ साठी, १३४ सेंटिमीटरवर कापसाचा पुंजका. खान्देशात कापूस विकत आणावा लागत नाही.

खरी गंमत व्याधाची झाली. तो ८.६ प्रकाशवर्षांवर, म्हणजे भोकापासून सेंटिमीटरभरही नाही. मणी बसेना, म्हणून भोकाच्या काठावर चमकीची टिकली लावली. बाण मारणारा बघणाऱ्याच्या पापणीशी उभा आणि बाण सव्वा ते दोन मीटर लांब! व्याधाने हरणाला बाण मारल्याची कथा सांगून झाली की मुली पाहुण्याला बाकाच्या कडेला नेतात. तिथून हरीणही नाही, बाणही नाही, नुसते विखुरलेले मणी. हा क्रम उलटा करायचा नाही, आधी भोक आणि मगच बाजू.

मॉडेलवर एवढी मेहनत घेतली, पण शाळेच्या प्रदर्शनात गर्दी थांबली ती दुसऱ्याच प्रश्नावर. एकीची आजी आली होती. तिने सरळ विचारलं, "माय, मिरीग ते पानी लई येस, मंग हिवायामा कसा दिखस?" कपाशीच्या पेरणीचं गणित ज्या मृगावर बसवलेलं, तो जूनमध्ये आकाशात का नसतो? बरोबरच आहे. तिथल्या तिथे एक स्टूल मधे ठेवलं, त्यावर बल्ब लावला. मृगाचा तक्ता एका भिंतीला धरला आणि आजीच्या नातीने बल्बकडे तोंड करून फेरी मारली. बल्ब आणि तक्ता एका रेषेत आले की बल्बच्या झगमगाटात तक्ता दिसत नाही. ७-८ जूनला सूर्य मृगात जातो तो असा. अर्ध्या फेरीनंतर, डिसेंबरात, बल्ब पाठीमागे असताना पाहिलं तर तोच मृग मध्यरात्री डोक्याच्या थोडा दक्षिणेला.

हे आता सादरीकरणात पहिलं घेतलंय. त्याला एक पुरवणी जोडली: ही तारीख साधारण ७२ वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, १२०७ मध्ये मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. तेव्हापासून आजपर्यंत हिशेब केला तर मृग अकरा दिवसांनी सरकला. आजच्या कॅलेंडरने बघितलं तर त्या काळी तो मेअखेरीस लागत होता. परीक्षकांना हे आवडेल. नाही आवडलं तरी मुलींना सांगायला मजा येते.

"काक्षी फुटणार का?" हा प्रश्न येणारच. उत्तर ठरलंय: फुटणार, पण आपल्या हयातीत दिसेलच असं नाही. २०१९ च्या शेवटी ती मंदावली होती त्याचं मुख्य कारण तिनेच फेकलेली धूळ, हेही सांगायचं.

"उपयोग काय?" यावर मात्र दोघींचं एकमत नाही. धाकटी म्हणते पंचांग, मोठी म्हणते उपयोग नसला तरी चालेल. मी मधे पडलेलो नाही.

राहिलेली कामं: तक्त्याची फळी सुटी करून रिक्षात मावेल अशी करायची. तंगुसाचं तक्त्याकडचं टोक खिळ्याऐवजी हुकात अडकवायचं, म्हणजे तिथे गेल्यावर पुन्हा ताणता येईल. बल्बसाठी लांब वायर आणि अंधाराला दोन काळी चादरं. प्रदर्शनाच्या जागी जोडून ठेवण्याजोगी बाकं आहेत का, ते सोमवारी विचारतो.