फॅसिलिटेटर नेमताना घोडं अडलं ते एका कलमावर

पुढच्या पाच वर्षांच्या नियोजनासाठी बाहेरचा तटस्थ फॅसिलिटेटर, म्हणजे स्वतः मत न देता चर्चा घडवून आणणारा माणूस आणायचा, यावर आमच्या संस्थेत दुमत नव्हतं. मानधन, तारखा, सगळं ठरलं. अडलं ते करारपत्रातल्या एका ओळीवर: नियोजनाच्या बैठकीआधी फॅसिलिटेटर कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेईल, त्यांत कोण काय बोललं हे कुणालाही सांगितलं जाणार नाही. कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं, पैसे संस्था देते, मग टिपणंही संस्थेचीच. हा हट्ट मला आजही खटकतो. नावं फुटणार असतील तर तालुक्यातला कार्यकर्ता ‘सगळं छान चाललंय’ यापलीकडे बोलत नाही आणि मुलाखतींचा खर्च पाण्यात जातो.

बऱ्याच ओढाताणीनंतर मार्ग निघाला. टिपणं फॅसिलिटेटरकडेच राहतील, काम संपलं की नष्ट होतील. कार्यकारिणीला फक्त मुद्दे मिळतील, तेही किमान तिघांनी मांडलेले. शाखेचा उल्लेख गाळायचा, कारण दोन माणसांच्या शाखेत नाव न घेताही बोलणारा ओळखू येतो. पैशांची अफरातफर किंवा छळाची तक्रार निघाली तर ती अपवाद. ती कुणाकडे जाईल हे आधीच लिहून ठेवायचं. प्रत्येक मुलाखतीच्या सुरुवातीला हे कलम वाचून दाखवायचं. तुम्ही नेमणार असाल तर मानधनाच्या आधी हेच मिटवा. आणि ज्याला पुढे तुमच्याच प्रशिक्षणाचं काम हवंय, त्याला तटस्थ धरू नका.

प्रत्यक्ष बैठकीत भिंतीवर लावायच्या एका कार्डावर एकच मुद्दा, पाच-सात शब्दांत, जाड मार्करने. प्राधान्यक्रमासाठी प्रत्येकाला मत म्हणून पसंतीच्या पर्यायांवर चिकटवायला टिकल्या द्यायच्या, पर्यायांच्या साधारण एक तृतीयांश: पंधरा पर्यायांना पाच. अध्यक्षांनी सगळ्यांत शेवटी चिकटवायच्या, नाहीतर बाकीच्यांच्या टिकल्या त्यांच्यामागे धावतात. फॅसिलिटेटरला टिकली नाही, मतही नाही. इतिवृत्त लिहायला वेगळा माणूस द्या; चर्चा सांभाळत लिहिणं एकाला झेपत नाही.

हॉल बघताना भिंत बघा. पोपडे धरलेल्या भिंतीवर मास्किंग टेप टिकत नाही आणि पंख्याच्या वाऱ्याने कार्डं उडतात.

न्यासपत्राची (संस्थेची उद्दिष्टं नोंदवलेल्या ट्रस्ट डीडची) प्रतही टेबलावर हवी. ठरलेलं नवं काम त्यातल्या उद्दिष्टांत बसतं का, हे त्याच दिवशी ताडून घ्या. बसत नसेल तर आधी वकिलाला विचारा. उद्दिष्टं बदलायची तर प्रकरण धर्मादाय आयुक्तांकडे जातं आणि त्याला लागणारा वेळ आराखड्याच्या पहिल्या वर्षातच धरावा लागतो.