तुम्ही विचारलंत म्हणून: गोडसे भटजींना सोप्या मराठीत का नाही वाचत?

गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'चं आम्ही चित्रांसकट वाचन करतो, म्हणजे मी वाचते आणि आतेभाऊ चित्रं काढतो, आणि त्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ताई भाषा जरा सोपी करून का नाही वाचत, आजकालच्या पोरांना कुठे कळतंय हे. प्रश्न रास्त आहे. एका ओळीत सांगायचं तर चित्रं त्यासाठीच आहेत, पण एका ओळीने कोणाचं समाधान होत नाही असा अनुभव आहे, म्हणून जरा सविस्तर.

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे, घरात कर्ज, त्यात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून काकांबरोबर १८५७ साली निघाले आणि सापडले नेमके बंडात. झाशीला वेढा पडला तेव्हा हे शहरात होते. घरी परतल्यावर पुष्कळ वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, इतिहासाचे अभ्यासक चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ते सगळं आठवून आठवून लिहिलं, आणि वैद्यांनी १९०७ मध्ये छापलं. मी वाचते ती हीच आवृत्ती. वैद्य १९३८ मध्ये गेले, आपल्याकडे लेखकाच्या पश्चात ६० वर्षं कॉपीराइट राहतो, त्यामुळे तो प्रश्न केव्हाच मिटलाय.

आता कोणी म्हणेल, वैद्यांनी तरी मूळ मजकूर जसाच्या तसा कुठे ठेवला? नव्हताच ठेवला. म्हणून तर इतिहासकार दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ मध्ये वेगळी आवृत्ती काढली, ती मी शेजारी उघडी ठेवून बसते. पण एकदा हात फिरलाय तेवढा पुरे झाला, त्यावर आणखी माझा नको.

आणि खरं सांगू का, भटजींची भाषा अवघड नाहीच आहे. वाक्यं लांब आहेत, हे करून ते करून मग तिकडे जाऊन असं चालूच राहतं, तर श्वास कुठे घ्यायचा ते आधी पेन्सिलीने मार्क करून ठेवलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. अडतं ते वस्तूंपाशी. उदाहरणार्थ कावड. भटजी गंगेचं पाणी कावडीतून घरी घेऊन आले, आईवडिलांना गंगेचं स्नान घडावं म्हणून. आता मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोराने कावड बघितलेली असायचं कारणच नाही. पुस्तकात असतं तर तळटीप दिली असती, पण ऑडिओत तळटीप म्हणजे वाचणारी मधेच थांबून मास्तरीण होणार आणि गोष्टीचा पार चुथडा. त्यापेक्षा मी वाचत राहते आणि स्क्रीनवर भाऊ कावड दाखवतो, खांद्यावर आडवा बांबू, दोन्ही टोकांना शिंक्यात तोंड बांधलेली भांडी, चालताना बांबू किती वाकतो तेसुद्धा. सात-आठ सेकंदात काम झालं, एक शब्द बदलावा लागला नाही.

सगळ्यात जास्त डोकं लागलं झाशीच्या लुटीला. शहर पडल्यावर, म्हणजे एप्रिल १८५८, कत्तल झाली आणि लूट झाली, आणि भटजी लुटीचा क्रम देतात, आधी सोनंरुपं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, मग धान्य. वाचायला हे सरळ आहे, आवाज चढवायचा नाही, भटजींनीही चढवलेला नाही. पण दाखवायचं काय? पहिल्या स्केचमध्ये भावाने सोजीर, बंदुका, आगबिग सगळं काढलं होतं, झकास काढलं होतं, पण ते कुठल्याही लढाईचं चित्र वाटत होतं. मग त्याने एकच माजघर चार वेळा काढलं. पहिल्यात भिंतीतला कोनाडा फोडलेला, बाकी संसार जागच्या जागी. दुसऱ्यात फडताळ रिकामं, हंडे गेले, जमिनीवर त्यांच्या बुडाचे गोल तेवढे राहिलेत. तिसऱ्यात दांडीवर एक कपडा नाही, आणि चौथ्यात कणगी आडवी. माणूस एकाही चित्रात नाही. कत्तलीच्या पानांना मात्र आम्ही चित्रच दिलेलं नाही, तिथे शहराचा साधा नकाशा राहतो, एवढंच.

राणीचा चेहरा का दाखवत नाही, हे पण बरेच जण विचारतात. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भटजींची आणि राणीची गाठ पडते, ते पाणी काढून द्यायला निघतात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका काढू, मीच काढते. तिच्या अंगावर पठाणी वेष, सगळी धुळीने माखलेली, आणि पुढे ते अर्धा शेर तांदळाची धनीण वालं बोलणं, म्हणजे मला विधवेला पोटापुरता तांदूळ पुरे होता, या उद्योगाची गरज नव्हती, असं. नेटवर तिचा म्हणून जो फोटो फिरतो तो खात्रीचा नाही आणि कॅलेंडरवरची राणी आम्हाला नको होती, म्हणून पाठमोरी, ओंजळीने पाणी पिताना. यावर दोनतीन जण नाराज आहेत, असू देत.

वरसईची चित्रं तेवढी प्रत्यक्ष बघून काढलीयेत. गाव बाळगंगा धरणाच्या बुडीत क्षेत्रात येतं, त्यामुळे भाऊ म्हणाला आधी तिथली कौलारू घरं उतरवून घेऊ, झाशी कुठे पळून जात नाही.

चित्रांचा आणखी एक उपयोग मागाहून लक्षात आला. भटजी ऐकीव गोष्टीही तितक्याच ठामपणे सांगतात, ती इंग्रजांनी आपल्या धर्मात ढवळाढवळ करायला काढलेल्या चौऱ्याऐंशी कलमांची हकिगत घ्या. वाचताना मी ती त्यांच्याच ठामपणे वाचते, कारण त्यावेळी लोकांचा काय समज होता ते त्यातूनच कळतं, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'ऐकीव' एवढी पट्टी येते. तिथीच्या खाली इंग्रजी तारीखही तशीच, जिथे पक्की लागते तिथेच.

आता स्क्रीन बंद ठेवून भाजी निवडता निवडता ऐकणारे खूप आहेत, आमच्या सासूबाई धरून, त्यांना ना कावड दिसते ना पट्टी. त्यांच्यासाठी पुढच्या भागापासून सुरुवातीलाच दोनचार वाक्यांत सांगणार आहे की आज कायकाय येणार आणि त्यातलं ऐकीव कुठलं. भावाला हे पसंत नाही, तो म्हणतो मग मी चित्रं कशाला काढतोय.