फुकटची सॅम्पल कुठे मिळतात, असे तुम्ही विचारलेत म्हणून

आमच्या न्हाणीघरातली शाम्पूची आणि क्रीमची चिमुकली पाकिटे पाहिली की येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘ही सॅम्पल ऑनलाइन कुठे मिळतात? खरी असतात का?’ ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणाऱ्यांत माझी गणना कधीच झालेली आहे, हेही त्या सुरात असते. असो.

खरी सॅम्पल मिळतात. कंपन्या नवे उत्पादन आणताना स्वतःच्या संकेतस्थळावर काही पाकिटे वाटतात, ‘नायका’सारख्या सौंदर्यप्रसाधनांच्या ऑनलाइन दुकानात ऑर्डरीबरोबर एखादे पाकीट येते, आणि स्मिटनसारख्या ॲपवर थोडे पैसे भरून नमुने निवडता येतात, म्हणजे तेही अगदी फुकट नव्हेच. ‘वर्धापनदिनाची भेट, वीस जणांना पाठवा’ छापाची लिंक उघडू नये, आणि आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसव्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मोफत वस्तू पोहोचवण्याचा अटळ खर्च मागता येतो. पॅकिंगचे किंवा हाताळणीचे पैसे घेतले, तर मात्र त्या वस्तूला मोफत म्हणता येत नाही.

इतक्यावर विचारणाऱ्यांचे समाधान होते. माझे होत नाही, कारण आमच्या आईला आलेले सॅम्पल या सगळ्या कसोट्यांना उतरले होते.

आईला मधुमेह आहे. ‘साखर मुळापासून घालवणाऱ्या’ चूर्णाचा नमुना तिने मोबाइलवरची जाहिरात पाहून मागवला. ओटीपी नाही, पैसे नाहीत. नाव, पत्ता आणि फोन एवढेच विचारले गेले, आणि आठवड्याच्या आत पाकीट खरोखरच आले. मग फोन सुरू झाले. पलीकडची मुलगी तिला ‘मावशी’ म्हणायची, जेवण झाले का विचारायची, सकाळी साखर किती आली ते लिहून घ्यायची. आम्ही मुलांनी ते किती वेळा विचारले होते, हा हिशेब मी इथे मांडणार नाही. पुढे एके दुपारी कुरियरवाला तीन महिन्यांच्या ‘कोर्स’चे खोके घेऊन दारात उभा राहिला. साडेचार हजार रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. आईने ते मागवलेले नव्हते, तरी डाळीच्या डब्यातले पैसे काढून तिने ते मोजून दिले. ‘परत का नाही पाठवलंस?’ असे मी चिडून विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, त्यांनी आधी फुकट दिलं होतं ना! मग आता नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं?’ सकाळची गोळी तिने त्याआधीच बंद केली होती, हे आम्हाला पुढच्या रक्ततपासणीत कळले.

मधुमेह बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला १९५४ च्या आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविषयीच्या कायद्याने बंदी आहे. मी तिला ते कलम वाचून दाखवले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘पण पाकीट काही खोटं नव्हतं.’

त्यानंतर काही काळ मी सर्वांना ‘मागवूच नका’ असे बजावत होते. तेही मला आता पटत नाही. क्रीमने चेहरा उठतो की नाही, हे मोठी बाटली घेण्याआधी कळावे, ही अपेक्षा रास्तच आहे. म्हणून मी आजही मागवते, फक्त त्यासाठी वेगळा फोन नंबर ठेवला आहे. आईला भीड पडते तशी मला पडत नाही, असेही मी म्हणते. मात्र एकदा सॅम्पल म्हणून आलेला चहा आमच्या घरी तेव्हापासून दरमहा विकत येतो, आणि तो केवळ चवीसाठी येतो, असे माझे म्हणणे आहे.