टोपण निघता निघेना : ऑटोइंजेक्टरच्या डिझाइनचा माझा अनुभव

आमवाताच्या रुग्णांना घरच्या घरी स्वतः औषध टोचून घेता येईल अशा ऑटोइंजेक्टरच्या, म्हणजे पेनसारख्या उपकरणाच्या डिझाइनचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सगळी चर्चा सुईचीच चालू होती. डिझाइनचा बहुतेक भाग सुरळीत पार पडला. बटण काढूनच टाकलं. पेन त्वचेवर दाबलं की सुई आत जाते आणि स्प्रिंग सुटते, त्यामुळे दुखऱ्या अंगठ्यावर भार येत नाही, हाताचं वजन पुरतं. पेन गोल न ठेवता चपटं केलं, म्हणजे ते टेबलावरून घरंगळत नाही आणि तळव्यात नीट बसतं. सुरू झाल्याची एक क्लिक, संपल्याची एक क्लिक, खिडकीत सरकणारी रंगीत पट्टी. झालं.

घोडं अडलं ते टोपणापाशी. आठवलं की अजून चिडचिड होते, म्हणून हे लिहितेय.

ते टोपण साधं नसतं. पेनच्या आत औषध भरलेली काचेची सिरिंज असते आणि तिच्या सुईवर रबराचं घट्ट आवरण असतं. सुई निर्जंतुक राहते ती त्याच्यामुळे. टोपण ओढलं की हे आवरणही सोबत निघून यायला हवं. ते सैल ठेवलं तर निर्जंतुकपणाचा प्रश्न आणि घट्ट ठेवलं तर हाताचा. त्यात आमच्या सिरिंजांचं रबर साठवणुकीत काचेला आणखी चिकटून बसत होतं. म्हणजे नव्या पेनचं टोपण सहज निघायचं आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेनचं निघता निघत नसे. रुग्णाच्या हातात ताजं पेन पडत नाही, पडून राहिलेलंच पडतं.

मी मागितलं ते एवढंच : मुरलेली पेनं, आमवात असलेल्या माणसांच्या हातात देऊन बघण्यासाठी. गुणवत्ता विभागाकडे ती होती, पण मोजून ठेवलेली आणि फक्त प्रयोगशाळेसाठी. अर्ज भरला, परत आला. कारण सविस्तर लिहा. लिहिलं, पुन्हा परत. यंत्राने मोजलेलं बळ मर्यादेत आहे, मग माणसांवर चाचणी कशासाठी? हा शेरा वाचून मी अक्षरशः संतापले होते. ते यंत्र टोपण धातूच्या जबड्यात पकडतं आणि एकाच वेगाने सरळ रेषेत ओढतं. जबडा घसरत नाही, त्याला दुखत नाही. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजन उचलायला लागतो तेवढा जोर, कागदावर किरकोळच वाटतो. पण ज्याची चिमूटच जुळत नाही त्याच्यासाठी? आणि माणूस सरळ ओढतच नाही. तो तिरकं ओढतो, हलवत हलवत ओढतो, आणि तिरकं ओढलं की टोपण आत अडकून आणखी घट्ट होतं.

मधल्या काळात सुचवलं गेलं की निरोगी सहकाऱ्यांना बोटं आखडवणारे मोजे घालून चाचणी उरका. मोज्यांनी बोटं आखडतात, पण दुखत नाहीत. दुखणार नाही हे माहीत असलेला माणूस जोर लावतो. सकाळी ताठरलेल्या सांध्यांचा माणूस जोर लावायच्या आधीच थबकतो. मोजे पहिल्या कच्च्या नमुन्यांपुरते ठीक आहेत, निर्णय त्यावर घेऊ नका.

शेवटी वरपर्यंत गेले, भांडले, आणि मोजकी पेनं मिळाली. आत औषधाऐवजी निरुपद्रवी द्राव होता, टोचायचं होतं स्पंजमध्ये. एका बाईंची बोटं करंगळीच्या बाजूला झुकलेली होती. आधी त्यांनी चिमटीत धरून बघितलं, मग दोन तळव्यांमध्ये दाबून, मग पेन गुडघ्यांत धरून. नंतर टोपण दातात धरून ओढलं. ते एकदम सुटलं, झटक्यासरशी हात मागे गेला, सुईभोवतीचं, दाबलं की पेन सुरू करणारं कवच दुसऱ्या हातावर आपटलं आणि पेन तिथेच सुटलं. सुदैवाने सुई लागली नाही, द्राव टेबलावर. घरी असतं तर एक पूर्ण मात्रा वाया गेली असती. त्या बाई उलट माझीच माफी मागायला लागल्या, मला फार वाईट वाटलं. चित्रीकरण बैठकीत दाखवलं आणि त्यानंतर माझा एकही अर्ज परत आला नाही.

एक महत्त्वाचं : चाचणीची पेनं फ्रिजमधून काढलेलीच द्या. ही औषधं २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. वापरण्याआधी पेन बाहेर काढून ठेवायला सांगितलेलं असतं, पण लोक थांबतातच असं नाही. गार प्लॅस्टिकवर दव धरतं आणि पकड निसटते. शिवाय गार औषध दाट असतं, त्यामुळे शेवटची क्लिक उशिरा येते आणि तोवर हात थरथरायला लागतो.

बैठकीत मी सर्टोलिझुमॅब या आमवातावरच्या औषधाच्या सिरिंजचं उदाहरण दिलं होतं. तिच्या डिझाइनसाठी ओएक्सओला सोबत घेतलं होतं, म्हणजे संधिवाताच्या हातांना झेपतील अशी स्वयंपाकघरातली अवजारं १९९० पासून बनवणाऱ्या कंपनीला. तिच्या टोपणाला बोट अडकवायची कडी आहे, चिमटीची गरजच नाही. आम्ही टोपण मोठं केलं, त्याला दोन बोटांमध्ये अडकेल अशी रुंद कड दिली आणि आत तिरपी चढण ठेवली, म्हणजे थोडं फिरवलं की रबर आधी सुटं होतं. पण फिरवायची सक्ती केली नाही, कारण काहींचं मनगटच दुखतं. ओढा किंवा फिरवा, दोन्ही चालतं. याचा मला आजही अभिमान आहे.

अंतिम चाचणीसाठी एफडीएच्या (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या) २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक वापरकर्ता गटात किमान १५ जण सांगितले आहेत. त्यात आमवातवाल्यांचा गट वेगळा धरा, सरमिसळ करू नका. आणि मुरलेल्या पेनांची मागणी प्रकल्पाच्या पहिल्याच महिन्यात लेखी नोंदवून ठेवा. पेन मुरायला लागतो तो वेळ पैसे मोजूनही मिळत नाही.

खोक्याचं राहिलंच. टोपणाच्या आधी खोक्याचं सील फोडावं लागतं आणि पेन साच्यातून उचलावं लागतं. आमच्या चाचण्यांत पेन थेट टेबलावर मांडलेलं असायचं. तुम्ही बंद खोकं हातात द्या आणि मदतीला पुढे होऊ नका.