एका लगमधले ६२ वॉट

सकाळच्या पाळीला भट्टी लावली की पॅनेलमधून करपल्यासारखा वास यायचा. तास-दीड तासात तो आपोआप जायचा. रात्रपाळीत तर तो कुणालाच कधी आला नव्हता, त्यामुळे सकाळचे लोक उगाच घाबरतात असं रात्रीच्यांचं मत. दोनदा कॉन्टॅक्टर (भट्टीचा पुरवठा चालू-बंद करणारा पॅनेलमधला मोठा स्विच) बदलून झाला होता, तरी वास तसाच.

त्या दिवशी मी आणि आमचे फोरमन (आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो) पॅनेल उघडून उभे होतो. सुकवणीची भट्टी, आत तीन-तीन किलोवॉटचे तीन हीटर, समांतर जोडलेले. काकांनी केबलभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. ३९ अँपिअर. इनकमरवर, म्हणजे पॅनेलमध्ये पुरवठा येतो तिथे, २३० व्होल्ट.

"बघ, हिशोब चोख आहे," ते म्हणाले. "२३० ला ३९ नं भाग, ५.९ ओहम. गुणाकार कर, ८९७० वॉट. नऊ किलोवॉटची भट्टी नऊच खातेय. हीटर धडधाकट आहेत."

"पण काका, हा हिशोब अख्ख्या सर्किटचा झाला. वास एकाच जागेवरून येतोय."

सप्लाय बंद करून, लॉक लावून आम्ही सगळे स्क्रू तपासले. एकही सैल नव्हता. कॉन्टॅक्टरला आलेल्या केबलचा लग (तारांच्या टोकावर दाबून बसवलेली, स्क्रूखाली अडकवायची धातूची टोपी) संशयास्पद वाटला, म्हणून त्याच्या आरपार मल्टिमीटर ओहमवर धरला. ०.२. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले, तरी ०.२. म्हणजे मीटर स्वतःच्या वायरींचाच रोध दाखवत होता. त्याच्या आत ओहमच्या शंभराव्या भागातला दोष लपला असेल, तर तो दिसणार कसा?

दिसेल तो करंट चालू असताना. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध हे सूत्र आपण शाळेपासून घोकतो, पण व्होल्टेज कोणत्या दोन टोकांमधलं, हा प्रश्न फार कमी वेळा विचारतो. मला पुरवठ्याचे २३० व्होल्ट नकोच होते. ३९ अँपिअर त्या लगमधून जाताना लगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती व्होल्ट गळतात, तेवढंच हवं होतं. चालू पॅनेलमध्ये हात घालणं हे प्रशिक्षण नसलेल्याचं काम नाही. इन्सुलेटेड हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड, शेजारी काका, अशी तयारी करून आम्ही तिन्ही हीटर पुन्हा लावले.

कॉन्टॅक्टरच्या वरच्या टर्मिनलपासून खालच्यापर्यंत ०.०६ व्होल्ट. म्हणजे दोन्ही वेळा काढून टाकलेल्या कॉन्टॅक्टरांवर आम्ही उगाच संशय घेतला होता. मग एक प्रोब टर्मिनलवर ठेवून दुसरा लगच्या मानेशी, जिथे इन्सुलेशन मागे सरून तांबं उघडं पडलं होतं तिथे टेकवला.

१.६ व्होल्ट.

"दीड व्होल्ट म्हणजे काय मोठं?" काका म्हणाले. मी पॅनेलच्या दारावर मार्करनं लिहिलं: १.६ भागिले ३९, ०.०४१ ओहम. खाली लिहिलं: १.६ गुणिले ३९, ६२ वॉट. काका दोन क्षण त्या आकड्याकडे बघत राहिले. "सोल्डरिंग आयर्न लावून दार बंद केल्यासारखं झालं हे," ते हळूच म्हणाले. अंगठ्याएवढ्या जागेत ६२ वॉट, आणि शेजारी साधं पीव्हीसी इन्सुलेशन, ज्याची मर्यादा ७० अंश सेल्सिअस!

५.९ ओहमच्या सर्किटमध्ये ०.०४ ची भर पडली, तर एकूण करंटमध्ये जेमतेम पाव अँपिअरचा फरक पडतो. क्लॅम्प मीटर बिचारा खरंच सांगत होता.

रात्रीचं कोडंही तिथेच उभ्या-उभ्या सुटलं. भट्टी तापली की कंट्रोलर दोन हीटर बंद करतो आणि एकावर तापमान राखतो. रात्रभर तेवढंच चालतं, फक्त १३ अँपिअर. करंट एक-तृतीयांश झाला, तर उष्णता एक-नवमांश होते, कारण ती करंटच्या वर्गावर चालते. जूलनं १८४१ मध्ये मांडलेला नियम. १३ चा वर्ग १६९, गुणिले ०.०४१, जेमतेम ७ वॉट. तेवढ्यात काही करपत नाही. दोन्ही पाळ्यांचं म्हणणं खरं होतं, याचं मला फार बरं वाटलं.

सप्लाय पुन्हा बंद करून लग काढला. मानेजवळचं इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालं होतं, नखानं टवके निघत होते. काकांनी केबल धरून लग जरासा पिळला, तर तो हातातच आला. आतल्या तारा काळ्याठिक्कर. १० चौरस मिलिमीटरच्या केबलला कुणीतरी १६ चा लग चढवून, तो दाबून भागवलं होतं. स्क्रू आम्ही कितीही आवळला असता, तरी हा दोष त्याच्या मागेच राहिला असता.

काळवंडलेला भाग कापून योग्य मापाचा लग षटकोनी डायनं क्रिम्प केला, म्हणजे तारांवर घट्ट दाबून बसवला. पुन्हा ३९ अँपिअर, पुन्हा तेच दोन प्रोब: १२ मिलिव्होल्ट. म्हणजे अर्धा वॉटसुद्धा नाही. मी हातमोजे काढायला लागले, तेवढ्यात काका म्हणाले, "थांब. न्यूट्रलचा लगही त्याच माणसानं बसवला असणार."

प्रोब टेकवले. ०.७ व्होल्ट. काकांनी मार्कर उचलला आणि दारावर माझ्या हिशोबाखाली स्वतःच लिहिलं: २७ वॉट. मग सप्लाय बंद करायला वळले.