तुम्ही विचारलंत म्हणून : काचेखालचा शेली

"मॅडम, कविता तर घरी पुस्तकात असते. ती काचेखाली ठेवलेली बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" 2010च्या डिसेंबरात मी लेकीकडे इंग्लंडला गेले होते. तेव्हा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात शेली या इंग्रजी कवीवरचं प्रदर्शन पाहिलं. परत आल्यापासून हा प्रश्न मला वर्गात, लग्नात, एकदा तर भाजी घेतानाही विचारला गेलाय. दर वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

पहिली गंमत अशी, की याच ऑक्सफर्डने त्याला हाकलून दिलं होतं. 1811 साली, अठराव्या वर्षी, नास्तिकपणाचं समर्थन करणारी पुस्तिका काढली म्हणून. आता त्याच्याच कॉलेजात त्याचा संगमरवरी पुतळा आहे, आणि ग्रंथालय त्याचे कागद जिवापाड जपतं. हाकलून द्यायच्या थोडं आधी त्याने आणखी एक दीर्घ कविता छापली होती. ती हरवलीच होती. तिची एकुलती एक ज्ञात प्रत 2015 मध्ये बोडलियनकडे आली, ग्रंथालयाचं एक कोटी वीस लाखावं पुस्तक म्हणून. प्रदर्शनात अर्थातच ती नव्हती, मी नंतर घरी बसून इंटरनेटवर वाचली. तिच्यात आपल्याच भूमीवर परक्या सत्तेखाली तळमळणारा हिंदी माणूस आहे. तेव्हा पुण्यात अजून दुसरा बाजीराव गादीवर होता!

तर काचेखाली काय होतं? खाडाखोड होती. पंचवीस वर्षं मी शेली शिकवला तो छापील, स्वच्छ, जणू आकाशातून उतरलेला. त्याच्या वह्यांत मात्र ओळीवर ओळ, त्यावर काट, आणि शब्द अडला की झाडं नाहीतर होड्या काढलेल्या. त्या होड्या बघवत नाहीत. 8 जुलै 1822 ला इटलीच्या समुद्रात तो होडीसकट बुडाला, तीस वर्षं पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता.

शेजारी एक गिटार होती. जेन विल्यम्स या मैत्रिणीला त्याने ती भेट दिली आणि सोबत कविता लिहिली. वाजवणाऱ्याला जेवढं कळतं तेवढंच हे वाद्य बोलतं, असं त्या कवितेत आहे. जेनचा जोडीदारही त्याच होडीत होता. गिटार 1898 पासून ग्रंथालयात आहे. सुंदर आहे, पण ती तिथे मुकी पडलेली बघून मला आमच्या माजघरातल्या खुंटीवरची आजोबांची सतार आठवली. असो.

शेलीची दुसरी बायको मेरी, तिच्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीचा कच्चा खर्डाही होता. अक्षर मेरीचं, मध्येमध्ये दुरुस्त्या नवऱ्याच्या. काही दुरुस्त्या नसत्या केल्या तर बरं झालं असतं, हे माझं मत.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती एका पत्रापाशी. शेलीची पहिली बायको हॅरिएट. दोन लेकरांची आई. 1814 मध्ये तो तिला सोडून मेरीबरोबर निघून गेला. 1816च्या डिसेंबरात लंडनच्या सर्पेंटाइन तलावात तिचं प्रेत सापडलं, ती एकवीस वर्षांची होती. मरण्यापूर्वीचं तिचं पत्र तिथे ठेवलेलं होतं. त्यात तिने शेलीला विनवलंय, की मुलीला माझ्या बहिणीपासून तोडू नकोस. प्रेत सापडल्यानंतर वीस दिवसांनी शेलीने मेरीशी लग्न केलं.

पुढे त्याच्या सुनेने, लेडी जेन शेलीने, घरात त्याचं देव्हाऱ्यासारखं दालन मांडलं आणि त्याची प्रतिमा संताची करायचा चंग बांधला. त्या देव्हाऱ्यात हॅरिएटला जागा कुठली? प्रदर्शनाचा रोख नेमका याच्यावर होता : घरच्यांनी कवी कसा घडवला, काय पुढे केलं, काय झाकलं. त्याच सुनेने दिलेले कागद आणि हे पत्र, दोन्ही एका छताखाली. लेक दोनदा बोलवायला आली, बाहेर बर्फ पडायला लागलाय म्हणाली. मी हललेच नाही.

मीही पंचवीस वर्षं तेच केलं होतं. 'पहिला विवाह अयशस्वी', एवढं एक वाक्य सांगायचं आणि थेट त्याच्या 'स्कायलार्क' कवितेकडे वळायचं.

परत आल्यावर निवृत्त होईपर्यंत मला दोन वर्षं मिळाली. शेलीचा पहिला तास घेताना फळ्यावर त्याच्या नावाखाली तिचं नाव लिहायचे, 'हॅरिएट वेस्टब्रुक, 1795–1816', आणि मग पुस्तक उघडायचे. एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं. तरी तिने वहीत लिहून घेतलं.